जखमेला नाव मिळेपर्यंत



ताप आला तर तो दोन-चार दिवसांत उतरेल, असे आपण धरून चालतो. हाड मोडले तर प्लास्टर घालतात आणि ते किती आठवड्यांनी काढायचे हेही सांगतात. माणूस दुखणे सोसतो, कारण त्याला दुखण्याचे नाव आणि मुदत ठाऊक असते. परंतु एक दुखणे असे आहे की ज्याला नावही नाही आणि मुदतही नाही. अंगावर एक फोड येतो, फुटतो, त्याची जखम होते. ती भरत नाही. एक भरत आली की शेजारी दुसरी उठते. एक डॉक्टर म्हणतात, "इन्फेक्शन आहे." दुसरे म्हणतात, "ॲलर्जी आहे." तिसरे म्हणतात, "अंगात उष्णता आहे." घरातली म्हातारी माणसे म्हणतात, "हे बाहेरचे आहे." सहा महिने जातात, कनवटीचा पैसा जातो आणि जखम जागच्या जागी असते.

आपल्या वस्त्यांतून असे रुग्ण थोडे नाहीत. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालणारा कामगार, लग्नकार्याला न जाणारी बहीण, पायाला फडके गुंडाळून ड्युटीवर उभा राहणारा वॉचमन यांच्याकडे नीट पाहा. ते आपले दुखणे कोणाला सांगत नाहीत, कारण सांगायचे काय हेच त्यांना ठाऊक नसते.

मी डॉक्टर नाही. ऑफिसात फायली सांभाळणारा कारकून आहे आणि सुटीच्या वेळात वस्तीतल्या लोकांबरोबर इस्पितळाच्या रांगेत उभा राहतो. त्या रांगेत जे पाहिले आणि त्वचारोगाच्या डॉक्टरांना वेळोवेळी विचारून जे समजून घेतले, ते आज या पानावर मांडत आहे. सांगायचे ते एकच. आधी जखमेचे नाव शोधायचे, मग औषध. आणि ते नाव मिळेपर्यंतच्या दिवसांतही रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना करण्यासारखे पुष्कळ असते.

दिसायला सारख्या, औषधे मात्र उलटी

"नाव कळून काय करायचे आहे? मलम द्या म्हणजे झाले," असे आपली माणसे म्हणतात. परंतु इथेच सारी गोम आहे. दोन जखमा दिसायला अगदी सारख्या असतात, पण एकीचे औषध दुसरीला घातक ठरते.

पायाच्या घोट्याजवळची न भरणारी जखम घ्या. तासन् तास उभे राहून काम करणाऱ्यांच्या पायांच्या नीला फुगतात, अशुद्ध रक्त खाली साचते, कातडी काळपट होते आणि तिथे जखम पडते. अशा जखमेवर नुसते मलम लावून उपयोग नसतो. पाय उंच ठेवणे आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दाबपट्टी बांधणे हाच तिचा खरा उपाय आहे. परंतु तशीच जखम रक्त पुरवणाऱ्या धमन्या चोंदल्यामुळे झालेली असेल, तर तीच दाबपट्टी पायाचे उरलेसुरले रक्तही अडवते आणि पाय गमावण्याची वेळ येते. म्हणून पट्टी बांधण्यापूर्वी पायाच्या नाडीची तपासणी करावी लागते.

दुसरे उदाहरण 'पायोडर्मा गँग्रिनोसम' या आजाराचे. नाव अवघड आहे, तरी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. यात एक लहानशी पुळी झपाट्याने चरत जाते, तिच्या कडा जांभळट होतात आणि वेदना फार असतात. जंतू भरले असे समजून ती खरवडून साफ केली तर ती आणखी मोठी होते. तिला शरीराची प्रतिकारशक्ती आवरणारे औषध लागते. उलट तीच जखम क्षयाच्या जंतूंची किंवा बुरशीची असली आणि त्यावर प्रतिकारशक्ती दाबणारे स्टिरॉइड दिले, तर जंतूंना रान मोकळे मिळते.

तिसरे उदाहरण आपल्या मुंबईशी जोडलेले आहे. अनवाणी शेतात राबणाऱ्या माणसाच्या पायात काटा मोडतो. पुढे कित्येक महिन्यांनी तिथे गाठ येते, पाय सुजतो, छिद्रे पडतात आणि त्यांतून पुवाबरोबर काळे, पांढरे किंवा लाल कण बाहेर येतात. मदुराई भागात या रोगाची नोंद प्रथम झाली, म्हणून याला 'मदुरा फूट' म्हणत. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी या रोगाचा बारकाईने अभ्यास केला, त्याला 'मायसेटोमा' हे नाव दिले आणि १८७४ साली त्यावर ग्रंथ लिहिला. आज आपल्याला ठाऊक आहे की हा रोग काही जणांत बुरशीमुळे होतो आणि काही जणांत जिवाणूंमुळे. पाय दिसायला सारखाच, परंतु एकाला बुरशीचे औषध लागते आणि दुसऱ्याला अँटिबायोटिक. कोणते द्यायचे हे तपासणीशिवाय कळत नाही. गरिबांच्या पायांचा हा रोग जागतिक आरोग्य संघटनेच्या दुर्लक्षित रोगांच्या यादीत यायला २०१६ साल उजाडावे लागले.

कारण शोधायचे कुठे?

न भरणाऱ्या जखमांची कारणे अनेक आहेत. त्यांतली नेहमीची कारणे आपल्याला ठाऊक असली, तर डॉक्टरांना नेमकी माहिती देता येते.

पहिली गोष्ट साखर. मधुमेह अंगात असून ठाऊक नसलेली कितीतरी माणसे आपल्यात आहेत. पायाची जखम भरत नाही म्हणून रक्त तपासले तेव्हाच मधुमेह कळला, असे वारंवार घडते. पंडुरोग, म्हणजे अंगात रक्त कमी असणे, आणि प्रथिनांची कमतरता यांमुळेही जखम भरायला उशीर लागतो.

दुसरी गोष्ट मंदगतीने वाढणारे जंतू. क्षय फक्त छातीचा असतो असे नाही, तो कातडीचाही होतो. मानेतली गाठ फुटून महिनोन्महिने वाहत राहते किंवा एखादा लालसर चट्टा वर्षानुवर्षे कडेने पसरत जातो. त्यावर क्षयाचीच औषधे लागू पडतात आणि ती सरकारकडून मोफत मिळतात. तळपायाची जखम दुखत नसेल तर खूश होऊ नये. दुखत नाही म्हणजे तिथल्या नसा बधिर झाल्या असण्याची शक्यता आहे. हे मधुमेहात होते, तसेच कुष्ठरोगातही होते. कुष्ठरोग आज औषधांनी पूर्ण बरा होतो आणि ती औषधेही मोफत आहेत. वेळेवर सुरू केली तर हातापायांना विकृती येत नाही.

तिसरी गोष्ट काम आणि परिसर. सिमेंटमध्ये हात घालणाऱ्या बिगाऱ्यांना त्यातल्या क्रोमियममुळे इसब होते. क्रोमियमच्या मुलाम्याच्या कारखान्यांत बोटांवर खोल, गोल जखमा पडतात. शेतात, रस्त्याच्या कडेला माजलेले गाजर गवत, ज्याला काँग्रेस गवतही म्हणतात, ते १९५० च्या दशकात पुण्याच्या परिसरात नजरेस आले आणि पुढे देशभर पसरले. त्याच्या स्पर्शाने आणि हवेतून उडणाऱ्या कणांनी चेहरा, मान, कोपराचे सांधे चिघळतात. रुग्ण साबण बदलतो, खाणे बदलतो, आणि कारण मात्र खिडकीखाली उगवलेले असते. पाठीवर निरनिराळ्या पदार्थांच्या पट्ट्या चिकटवून करायची 'पॅच टेस्ट' अशा वेळी उपयोगी पडते.

चौथी गोष्ट खाज. खाजेने माणूस खाजवतो, खाजवल्याने जखम होते, जखम भरताना पुन्हा खाज येते. हे चक्र वर्षानुवर्षे चालू शकते आणि हातापायांवर टणक, खपली धरलेल्या गाठी उठतात. अशा माणसाला "तूच खाजवून करून घेतोस" म्हणून बोल लावणे सोपे आहे. परंतु त्या खाजेमागे यकृत, मूत्रपिंड, रक्त यांचे दुखणे असू शकते, तेही तपासावे लागते. घरातल्या सर्वांनाच रात्री खाज सुटत असेल तर ती बहुधा खरूज असते. तिचा उपचार एकट्याने करून चालत नाही, सगळ्या घराने एकाच वेळी करावा लागतो.

पाचवी गोष्ट कॅन्सर. जुन्या भाजल्याच्या वणात वर्षानुवर्षांनी पडलेली आणि न भरणारी जखम, किंवा कडा उचललेली व सहज रक्त येणारी जखम अंगावर काढू नये. तंबाखू, मिश्री, गुटखा यांची सवय असलेल्यांच्या तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर तिसरा आठवडा उजाडू देऊ नये.

सहावे कारण सर्वांत फसवे असते. यात बाहेरचा जंतू नसतो. शरीराची प्रतिकारशक्तीच आपल्या कातडीला परकी समजून तिच्यावर उठते. त्याची एक हकिकत सांगतो.

खिचडी शिजवणाऱ्या ताईंची हकिकत

आमच्या वस्तीतल्या एक ताई शाळेत मुलांची खिचडी शिजवतात. त्यांच्या तोंडात फोड आले. भाकरीचा तुकडा चावता येईना. चार महिने त्यांनी 'बी कॉम्प्लेक्स'च्या गोळ्या घेतल्या आणि तोंडाला लावायचे औषध लावले. मग पाठीवर आणि छातीवर पातळ फोड उठू लागले. हात लागला की फुटायचे आणि मागे लाल, ओली जागा राहायची. साडी जखमांना चिकटायची. शाळेने सांगितले, "बरे होईपर्यंत येऊ नका." शेजारच्या बायका पाण्याला जाताना त्यांच्या कळशीपासून आपली कळशी लांब ठेवू लागल्या. कोणी म्हणाले 'ते' दुखणे आहे, कोणी म्हणाले करणी आहे. एका नातेवाइकाने अंगारा आणून दिला, दुसऱ्याने बिब्बा लावायला सांगितला.

आम्ही त्यांना मोठ्या इस्पितळाच्या त्वचारोग विभागात नेले. तिथे कातडीचे दोन लहान तुकडे काढले. एक सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी आणि दुसरा 'इम्युनोफ्लुरोसन्स' नावाच्या विशेष तपासणीसाठी. निदान झाले 'पेम्फिगस'. कातडीच्या पेशी एकमेकींना ज्या पदार्थाने धरून असतात, त्याच्यावरच या रोगात शरीर हल्ला करते. पेशी सुट्या होतात आणि फोड उठतात. पुष्कळांत हा रोग तोंडातच सुरू होतो आणि अंगावर यायला काही महिने लागतात. तोवर तो ओळखणे अवघड जाते. तो संसर्गाने पसरत नाही. कळशीने नाही, स्पर्शाने नाही, एका ताटात जेवल्यानेही नाही.

स्टिरॉइड औषधे निघण्यापूर्वी, म्हणजे १९५० च्या आधी, या रोगाचे बहुतेक रुग्ण दगावत. १९८० च्या दशकात दिल्लीच्या एम्समधील डॉ. जे. एस. पसरिचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरावीक अंतराने सलाइनवाटे औषधे देण्याची 'पल्स' पद्धत सुरू केली आणि तिने आपल्या देशातल्या असंख्य रुग्णांना जगवले. आज त्याहून नवी औषधेही आली आहेत.

ताईंचे नाव सापडायला सात महिने लागले. त्यानंतर फोड थांबायला काही आठवडे पुरले. गोळ्या त्यांना आजही घ्याव्या लागतात. त्या गोळ्यांनी साखर वाढते म्हणून रक्त तपासावे लागते. परंतु पुढच्या वर्षी त्या पुन्हा शाळेच्या चुलीपाशी उभ्या राहिल्या.

तुकड्याची भीती नको

ताईंच्या घरचे सुरुवातीला तुकडा काढू द्यायला तयार नव्हते. "चाकू लागला की रोग पसरतो," ही समजूत सर्वत्र आहे. ती खोटी आहे. रोग तुकड्याने पसरत नाही, निदानाला उशीर झाल्याने मात्र बळावतो. जागा बधिर करून तीन-चार मिलिमीटरचा, म्हणजे जोंधळ्याच्या दाण्याएवढा तुकडा काढतात. एखादा टाका पडतो. काही दिवसांत रिपोर्ट येतो.

यात एक बारकावा सांगतो, कारण कागदपत्रांच्या कामात असल्याने मला तो महत्त्वाचा वाटतो. सूक्ष्मदर्शकासाठीचा तुकडा फॉर्मलिनमध्ये ठेवतात. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात. म्हणून जंतूंची किंवा बुरशीची वाढ करून पाहायची असेल तर वेगळा तुकडा सलाइनच्या बाटलीत पाठवावा लागतो. "डॉक्टरसाहेब, कल्चरसाठी तुकडा वेगळा पाठवायचा आहे का?" एवढे नम्रपणे विचारायला हरकत नाही. क्षयाच्या जंतूंच्या कल्चरला सहा ते आठ आठवडेही लागतात. तेवढा काळ थांबणे म्हणजे वेळ वाया घालवणे नव्हे.

पहिल्या रिपोर्टात काही निष्पन्न झाले नाही तरी निराश होऊ नये. रोगाच्या खुणा कधी उशिरा उमटतात, कधी तुकडा नेमक्या जागेचा नसतो. दुसऱ्यांदा तुकडा काढून निदान झाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. रिपोर्टाची मूळ प्रत जपून ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायची वेळ आली तर त्याच तुकड्याच्या काचपट्ट्या प्रयोगशाळेकडे मागता येतात.

जखमेची वही

मी कॉमर्सचा विद्यार्थी. जमाखर्च लिहिलेला नसेल तर पैसा कुठे गेला ते कळत नाही. जखमेचेही तसेच आहे. इस्पितळात डॉक्टरांना एका रुग्णासाठी काही मिनिटेच मिळतात. "केव्हापासून आहे?" या प्रश्नाला "लय दिवस झाले" हे उत्तर दिले तर ती मिनिटे फुकट जातात. म्हणून दोनशे पानी वही घ्या आणि त्यात पुढील गोष्टी तारखेनिशी लिहा.

१. पहिली जखम कधी आणि कुठे आली. आधी फोड होता, गाठ होती, खाज होती की काटा लागला होता.

२. दर रविवारी जखमेचा आकार. शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवून, त्याच उजेडात, मोबाइलवर फोटो काढा. नाणे जखमेला टेकू देऊ नका.

३. घेतलेले प्रत्येक औषध, कधी सुरू केले, कधी सोडले. संपलेल्या ट्यूब आणि गोळ्यांची पाकिटे फेकू नका, पिशवीत ठेवा.

४. ताप, वजन घटणे, सांधे दुखणे, तोंडात फोड, जुलाब, डोळे लाल होणे. कातडीशी त्यांचा संबंध नाही असे आपल्याला वाटते, पण डॉक्टरांना त्यातूनच धागा सापडतो.

५. कोणते काम करता, कशात हात घालता, घरात आणखी कोणाला काही आहे का.

केसपेपर, रिपोर्ट, प्रिस्क्रिप्शन हे सर्व एकाच फाइलमध्ये तारखेने लावा. दर आठवड्याला डॉक्टर बदलू नका. नवा डॉक्टर म्हणजे पहिल्यापासून सुरुवात. निघताना तीन प्रश्न विचारा : आपल्याला कशाचा संशय आहे? तो कोणत्या तपासणीने खरा-खोटा ठरेल? आणि काय झाले तर मी तारखेच्या आधी यावे?

मेडिकलच्या दुकानातले मलम

आपली मोठी चूक इथे होते. खाजेवर, नायट्यावर, जखमेवर मेडिकलवाल्याला विचारून ट्यूब आणली जाते. यांतल्या अनेक ट्यूबमध्ये तीव्र स्टिरॉइड असते. दोन दिवसांत लाली उतरते, माणूस खूश होतो. पण नायटा आतून पसरतो, कातडी पातळ होते, आणि रोगाचे मूळ रूपच पुसले गेल्याने पुढच्या डॉक्टरला तो ओळखू येत नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी कित्येक स्टिरॉइड मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा नियम केला, तरी ती काउंटरवरून मिळतच असतात. मिळतात म्हणून घेऊ नयेत. अँटिबायोटिकच्या गोळ्यांचेही तेच. त्या घेऊन कल्चरला गेलो तर जंतू असूनही रिपोर्टात दिसत नाहीत.

बिब्बा, चुना, तंबाखू, राख, शेण, रॉकेल यांतले काहीही जखमेवर लावू नये. बिब्ब्याने कातडी भाजते आणि एका जखमेच्या दोन होतात. शेणामातीतून धनुर्वाताची भीती असते. अंगारा-धुपाऱ्याविषयी या साप्ताहिकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. तरीही दुखणे लांबले की शिकलेल्या घरातही पाय डगमगतात, म्हणून लिहिले. अघोरी उपचार करून रुग्णाला डॉक्टरकडे जाण्यापासून अडवणाऱ्या भोंदूविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

रोजची निगा

निदान होईपर्यंत जखम सांभाळावीच लागते. हात साबणाने धुवा. जखम सलाइनने किंवा उकळून गार केलेल्या पाण्याने हळुवार धुवा. जंतुनाशकाचे कडक द्रावण ओतू नका, त्याने नवी येणारी कातडीही जळते. पट्टी चिकटली तर ओढू नका, भिजवून सोडवा. जखम उघडी ठेवून खडखडीत वाळवायची हा जुना समज सोडा. बहुतेक जखमा स्वच्छ, झाकलेल्या आणि किंचित ओलसर राहिल्या तर लवकर भरतात. अंडी, डाळ, कडधान्ये, मासे, दूध यांतले जे परवडेल ते रुग्णाच्या ताटात आधी वाढा. "जखमेला डाळ-अंडी चालत नाहीत" या पथ्याने भरणारी जखमही उपाशी राहते. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच प्रथिने वाढवावी. विडी-तंबाखू बंद करा, त्याने कातडीला जाणारे रक्त कमी होते.

आणि या गोष्टी दिसल्या तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी इस्पितळ गाठा : थंडी वाजून ताप, जखमेभोवती झपाट्याने पसरणारी लाली, जखम काळी पडणे, मधुमेह्याच्या पायाला दुर्गंधी, किंवा नवे औषध सुरू केल्यावर डोळे, तोंड आणि अंगावर एकदम उठलेले फोड.

कळशी लांब ठेवणाऱ्यांना

आता थोडे स्पष्ट बोलायचे आहे. ताईंची कळशी लांब ठेवणाऱ्या बाया परक्या नव्हत्या, आपल्याच होत्या. ज्यांच्या आजा-पणज्याला पाणवठ्यावरून हाकलले गेले, ज्यांच्यासाठी बाबासाहेबांनी १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्यांच्याच दारी पाण्याचे भांडे बाजूला सरकवले जावे, याहून लाजिरवाणी गोष्ट कोणती? काही रोग संसर्गजन्य असतात हे खरे. खरूज आहे तर उपचार करा, क्षय आहे तर डॉक्टर सांगतील ती काळजी घ्या. पण कोणती काळजी घ्यायची हे डॉक्टरांनी सांगायचे असते, नळावरच्या कुजबुजीने नाही. न भरणाऱ्या जखमेत एच.आय.व्ही.ची तपासणी डॉक्टर सुचवतात, तीही सरकारी केंद्रात मोफत आणि गुप्त असते. त्या तपासणीला गेलेल्या माणसाविषयी तर्क करत बसण्याचा अधिकार कोणालाही नाही.

धम्मपदाच्या अट्ठकथेत पूतिगत्त तिस्स थेरांची कथा आहे. त्यांच्या अंगावर मोहरीएवढे फोड उठले. ते वाढत वाढत बेलफळाएवढे झाले आणि फुटले. चीवर पू-रक्ताने भरले. सोबतच्या भिक्खूंनी त्यांना टाकून दिले. तेव्हा भगवान बुद्ध स्वतः गेले. पाणी तापवले, त्यांना गरम पाण्याने न्हाऊ घातले, चीवर धुऊन वाळवून पुन्हा अंगावर दिले. त्या कथेत तिस्स थेर वाचत नाहीत. परंतु ते घाणीत एकटे पडून गेले नाहीत, स्वच्छ वस्त्रात, माणसांच्या सोबतीत गेले. रोगाचे नाव ठाऊक नव्हते, औषध नव्हते, तरी करण्यासारखे बाकी होते ते तथागतांनी करून दाखवले.

मन, नोकरी आणि पैसा

नाव नसलेले दुखणे मन पोखरते. "डॉक्टरांना सापडत नाही म्हणजे मी सोंग करतोय असे लोकांना वाटते," हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. झोप उडते, चिडचिड होते, जगणे नको वाटते. अशा माणसाला एकटे सोडू नये. 'टेलिमानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, त्यावर मराठीतही बोलता येते. डॉक्टरांनी मानसोपचार विभागात पाठवले तर "मला वेडा ठरवले" असे मानू नका. दुखणे कातडीचे असले तरी ते सोसणारे मनच असते.

घरात कामाची वाटणी करा. पट्टी बदलणे एकट्या आईवर किंवा सुनेवर टाकू नका, मुलग्यांनीही शिकावे. ई.एस.आय. लागू असलेल्या कामगारांनी खाडा करण्याआधी ई.एस.आय. डॉक्टरांचा दाखला घ्यावा, म्हणजे आजारपणाचा भत्ता मागता येतो. भरती व्हायची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तो उपचार बसतो का, हे इस्पितळातल्या आरोग्यमित्राला आधी विचारावे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड फाइलमध्येच ठेवावे. दागिना मोडण्याआधी ही विचारपूस करा.

सगळे करूनही काही जखमांचे नाव लवकर सापडत नाही. डॉक्टर प्रामाणिकपणे सांगतात, "अजून कळलेले नाही." असे सांगणाऱ्या डॉक्टरला सोडू नका, तो खरे बोलतो आहे. वही लिहीत राहा, तारखेला जात राहा, जखम स्वच्छ ठेवा.

बंधू-भगिनींनो, या रविवारी विहारात जाल तेव्हा आपल्या गल्लीतल्या त्या पूर्ण बाह्यांच्या शर्टवाल्याला, त्या फडके गुंडाळलेल्या वॉचमनला विचारा, "किती दिवस झाले?" चार आठवड्यांवर झाले असतील तर त्याच्याबरोबर इस्पितळात जा. रांगेत एकटा माणूस कंटाळून परत फिरतो. दोघे असले की नंबर येईपर्यंत थांबतात.

जयभीम!